जुन्या मोटारीचा ज्वर

वैशाखांतील दुपारीं सेलूच्या मोंढ्यापासून स्टेशनापर्यंत एक फेरी मारली, तर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडें टाकून उभी असलेली एखादी जुनी मोटार हटकून दृष्टीस पडते. परभणी जिल्ह्यांत त्या दिवसांत पारा ४२ अंशांवर जाणें नवलाचें नव्हे. अशा वेळीं जुन्या मोटारीचे दोन विकार एकदम बळावतात. इंजिनांतील पाणी उकळूं लागतें. आणि ज्यास सर्व लोक एसी म्हणतात, तें गारव्याचें यंत्र कोंदट हवा सोडूं लागतें. दुरुस्ती होते, पंधरा दिवस बरे जातात, आणि विकार पुन्हां उलटतो.

मोंढ्यांतील एका आडत व्यापाऱ्याची हकीकत या बाबतींत ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्यांची मोटार २००४ सालची, पेट्रोलवर चालणारी. वडील वृद्ध, मूत्रपिंडाच्या विकारानें जर्जर झालेले. त्यांस रक्तशुद्धीसाठीं आठवड्यांतून दोनदां परभणीस न्यावें लागे. औषधोपचारांचा खर्च चालू असतां नवी मोटार घेण्याची सोय नव्हती. तीन उन्हाळ्यांत या मोटारीचा थर्मोस्टॅट दोनदां बदलला गेला, तिसऱ्या वेळीं तर तो काढूनच टाकण्यांत आला. आणि दर चैत्रांत एसीचा गॅस भरण्यांत आला तो निराळाच. इतकें होऊनही एके दिवशीं परभणीहून परततांना मोटार वाटेंतच थांबली. म्हाताऱ्यास लिंबाखालीं पाऊण तास बसून राहावें लागलें. ती पाऊण तासाची वाट पाहणें मुलाच्या जिव्हारीं लागलें. दुसऱ्या दिवशीं ते गॅस भरणाराकडे गेले नाहींत. जिनिंगच्या कारखान्यांतील इंजिनें सांभाळून ज्यांचे केस पांढरे झाले होते, अशा एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींनीं हत्याराला हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारले. बिघाड मोटार उभी असतांना होतो कीं धांवतांना? गारवा जातो तेव्हां वाऱ्याचा झोत मंदावतो कीं तसाच राहतो? सकाळीं पाणी कमी झालेलें आढळतें काय? खालीं थेंब पडलेले दिसतात काय? वैद्य नाडी धरण्यापूर्वीं रोग्यास बोलतें करतो, त्यांतलाच हा प्रकार. नव्या दुकानांतून ही चाल सुटत चालली आहे, हें खेदानें म्हणावें लागतें.

येथें एक घोटाळा आधीं दूर केला पाहिजे. जुन्या मोटारींत थर्मोस्टॅट या एकाच नांवाचीं दोन निराळीं उपकरणें असूं शकतात. पहिलें इंजिनाच्या पाण्याच्या वाटेंत बसविलेलें असतें. त्यांत मेणाची एक कुपी असते. पाणी सुमारें ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलें कीं मेण वितळून फुगतें, झडप उघडतें आणि पाण्यास रेडिएटरची वाट मोकळी करून देतें. ही मेणाची युक्ति १९३४ साली सर्जियस व्हर्नेट यानें काढली. दुसरा थर्मोस्टॅट एसीच्या पेटींत असतो. तेथील थंड जाळी गोठणबिंदूच्या जवळ येतांच कॉम्प्रेसर बंद करणें, एवढेंच त्याचें काम. मालक एकाविषयीं बोलतो आणि दुकानदार दुसरा बदलतो, असेंही घडतें.

गारवा जाण्याचे प्रकार तीन, आणि तिन्हींचीं लक्षणें भिन्न. अर्धा तास उत्तम गारवा मिळून मग वाऱ्याचा झोतच क्षीण झाला, आणि थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर तो पूर्ववत् झाला, तर जाळीवर बर्फ धरलें असें समजावें. तेथें दुसऱ्या थर्मोस्टॅटवर संशय घेणें रास्त. झोत तसाच जोरकस असून गारवा मात्र जातो व येतो, तर गॅसाच्या नळ्यांत ओल शिरली असण्याचा संभव असतो. ती ओल एक्स्पान्शन व्हाल्व्हच्या सूक्ष्म छिद्रांत गोठते, वाट अडविते, आणि वितळली कीं वाट पुन्हां मोकळी होते. नळ्या उघडून गॅस भरतांना ओल शोषणारा ड्रायर बदलला नाहीं, किंवा पंपानें आंतील हवा पुरती काढून घेतली नाहीं, म्हणजे हा दोष राहतो. तिसरा प्रकार असा कीं मोटार धांवत असतां गारवा मिळतो आणि उभी राहतांच नाहींसा होतो. यांत दोष बहुधा पुढच्या कंडेन्सरवर वारा न पोहोंचण्याचा असतो. कंडेन्सर रेडिएटरच्या अगदीं पुढें असल्यामुळें त्याची उष्णता मागील पाण्यावर चढते, आणि एसीच्या दोषानें इंजिनासही ज्वर येतो.

व्यापाऱ्याची तक्रार या तिसऱ्या जातीची होती. मिस्त्रींनीं एसी लावून मोटार उभी ठेविली व विजेच्या पंख्याकडे पाहत बसले. एसी लागतांच जो पंखा फिरावयास हवा, तो कधीं फिरे, कधीं नुसता हिसका देऊन थांबे. त्याची जमिनीची तार, म्हणजे सांगाड्यास जोडलेली तार, गंजून सैल झाली होती. मोटार धांवतांना वारा आपोआप येतो, म्हणून रस्त्यावर हा दोष कोणाच्या ध्यानांत येईना. कंडेन्सर पुढून तपासला, तों त्याच्या पापुद्र्यांत धूळ आणि कापसाचे तंतु यांची नमद्यासारखी घडी बसलेली! हंगामांत जिनिंगच्या आवारांत रोज उभ्या राहणाऱ्या मोटारीचें दुसरें काय होणार?

परंतु धांवतां धांवतां मोटार बंद पडली, तिचें कारण एवढ्यानें उलगडत नव्हतें. सकाळीं रेडिएटरमधील पाणी अर्धा लिटर कमी भरे. खालीं मात्र ठिपका नाहीं. मिस्त्रींनीं थंड इंजिनाचें टोपण काढून, इंजिन चालू करून, पाण्यांत बुडबुडे येतात काय हें पाहिलें. ते एकसारखे येते, तर हेडचें गॅस्केट फुटल्याचा संशय घेऊन मोठाच खर्च काढावा लागता. ते आले नाहींत. मग त्यांनीं टोपणच हातीं घेतलें. त्याची स्प्रिंग मेलेली होती. हें टोपण केवळ झांकण नव्हे. तें आंत दाब धरून ठेवतें. नेहमींच्या मोटारींत हा दाब सुमारें ०.९ बार असतो व त्यामुळें पाणी शंभराऐवजीं ११८ अंशांच्या आसपास उकळतें. दाब धरला गेला नाहीं म्हणजे पाणी वाफ होऊन निसटतें. (तापलेल्या इंजिनाचें टोपण उघडणाराचे हात व तोंड भाजतें, तें याच दाबामुळें.)

पुढें पाहतां रेडिएटरच्या नळ्या आंतून पांढऱ्या क्षारानें निम्म्या बुजलेल्या. मराठवाड्यांतील काळ्या दगडांतून येणारें विहिरींचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. न्हाणीघरांतील बंबाच्या तळाशीं जी खपली धरते, तीच रेडिएटरमध्यें धरते. तीन वर्षें ज्याच्या त्याच्या दुकानीं नळाचें पाणी ओतलें गेलें होतें.

राहिला थर्मोस्टॅट. दोनदां बदलून काढलेल्या दोन्ही वस्तु व्यापाऱ्यानें कोनाड्यांत जपून ठेवल्या होत्या. मिस्त्रींनीं त्या दोरीनें पातेल्यांत अधांतरीं टांगल्या, शेजारीं तापमापक सोडला आणि पातेलें शेगडीवर चढविलें. ८२ अंशांवर एक उघडला, थोड्या वेळानें दुसरा. दोघेही निर्दोष! तीन वर्षें निरपराध्यास शिक्षा झाली. शिवाय तो काढून टाकल्यानें अधिकच नुकसान झालें. कित्येक इंजिनांत हीच झडप बगलेची आडवाट बंद करते. ती नसतां तापलेलें पाणी रेडिएटर चुकवून इंजिनांतच फिरत राहतें. या मोटारींत तसेंच होतें.

रेडिएटर आंतून धुवून काढला, टोपण नवें बसविलें, तार घासून घट्ट केली, कंडेन्सर मागच्या बाजूनें सौम्य धारेनें धुतला, जुन्या दोहोंपैकीं एक थर्मोस्टॅट परत बसविला, आणि निम्में कूलन्ट व निम्में शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी भरलें. एसीच्या सांध्यांवर साबणाचें पाणी लावलें, तेव्हां एका सांध्याशीं फेस आला. रबराचें कडें वाळलें होतें. गॅस हा तेलासारखा जळून संपत नाहीं. दरवर्षीं भरावा लागतो, त्या अर्थीं तो कोठून तरी जातोच. या मोटारींत आर-१३४ए नांवाचा गॅस होता. त्याहून जुन्या मोटारींत आर-१२ असे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळें तो बाजारांतून गेला. तसल्या जुन्या मोटारींत नुसता नवा गॅस भरून भागत नाहीं, कॉम्प्रेसरचें तेलही बदलावें लागतें.

पुढच्या वैशाखांत व्यापाऱ्याची मुलगी मुंबईहून आली. आगगाडीस उशीर होता. स्टेशनाच्या आवारांत इंजिन व एसी चालू ठेवून, मागच्या बैठकीवर वडिलांस बसवून ते थांबले. कांटा मध्यावरून हलला नाहीं. म्हातारा डुलकी घेत होता. एसीचा गॅस मात्र किंचित् कमी झाला आहे, असें मिस्त्रींचें म्हणणें पडलें. कॉम्प्रेसरच्या दांड्याचें सील थोडें झिरपतें. थंडीचे चार महिने एसी मुळींच लावला नाहीं, त्यामुळें तें वाळलें असावें. तें काम दिवाळीनंतर काढावयाचें ठरलें आहे.