सुईणीचा हक्क आणि सरकारची तिजोरी



एखाद्या गोष्टीला कायद्याची आडकाठी नसणे वेगळे आणि ती गोष्ट सामान्य माणसाला प्रत्यक्ष मिळणे वेगळे. हक्कांच्या चळवळी पुष्कळदा पहिल्या टप्प्यावरच विजयोत्सव करतात आणि पुढचे सारे बाजाराच्या हवाली करून मोकळ्या होतात. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात स्त्रियांनी सुईणीच्या हक्कासाठी जो लढा दिला, त्यात हे घडले नाही. म्हणूनच तो समाजवादी कार्यकर्त्यांनी अभ्यासण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकात तेथील बाळंतपणे बहुतांशी घरीच होत आणि सुईण ती करीत असे. पुढे वैद्यकीय व्यवसायाचे कायदे झाले, डॉक्टरांची संघटना बलवान झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळंतपण जवळजवळ पूर्णतः रुग्णालयात गेले. सुईण कायद्याच्या लेखी उरलीच नाही. तिच्यावर थेट बंदी नव्हती, परंतु मान्यताही नव्हती. १९७० नंतर काही स्त्रियांनी आपल्या घरी, आपल्या माणसांत, सुईणीच्या देखरेखीखाली बाळंत होण्याचा आग्रह धरला, तेव्हा या संदिग्धतेचे परिणाम दिसू लागले. घरी प्रसूतीची सारी जबाबदारी सुईणीवर असे. पण बाळंतीण अडली आणि तिला रुग्णालयात न्यावे लागले, की दारातच सुईणीचा अधिकार संपे. तिचा मोबदला कुटुंबाने पदरचा द्यावयाचा. सार्वजनिक आरोग्यविम्यामुळे डॉक्टर आणि रुग्णालय यांचा खर्च जेथे सरकार सोशीत होते, तेथे सुईण मात्र ऐपतीची बाब ठरली. साहजिकच तिच्याकडे जाणाऱ्यांत सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रियांचा भरणा अधिक होता.

घरच्या प्रसूतीनंतर टोरांटोत एक अर्भक दगावले आणि १९८५ मध्ये त्या मृत्यूची न्यायालयीन पद्धतीने चौकशी झाली. अशा प्रसंगी सुईणीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे असते. परंतु ज्यूरीने वेगळा निष्कर्ष काढला. सुईणीच्या व्यवसायाला कायद्याची मान्यता द्यावी, तिचे शिक्षण व नियमन शासनाने करावे, अशी शिफारस तिने केली. जे काम समाजात चालूच आहे त्याकडे डोळेझाक केल्याने ते थांबत नाही, ते अधिक धोक्याचे होते, हा त्यामागील विचार होता.

या शिफारशीला बळ दिले ते संघटित मातांनी. सुईणींची संघटना आणि त्यांच्याकडे बाळंत झालेल्या स्त्रियांची समर्थक मंडळे यांनी पत्रे लिहिली, सभा भरविल्या, आमदारांच्या भेटी घेतल्या. १९८६ मध्ये शासनाने एक कार्यगट नेमला आणि १९८७ मध्ये त्याचा अहवाल आला. १९९० मध्ये बॉब रे यांच्या नेतृत्वाखाली न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे लोकशाही समाजवादी परंपरेतील पक्षाचे, सरकार ऑन्टारिओत प्रथमच आले. १९९१ मध्ये सुईणींचा कायदा संमत झाला आणि १९९३ च्या अखेरीस तो अमलात आला.

चळवळीची खरी दूरदृष्टी तिच्या मागण्यांत दिसते. केवळ परवाना मागून ती थांबली नाही. सुईणीचा मोबदला सरकारी तिजोरीतून मिळावा, तिला रुग्णालयात प्रसूती करण्याचा अधिकार असावा, तिच्यासाठी विद्यापीठीय शिक्षण असावे, हे सारे तिने एकत्र मागितले. १९९४ च्या आरंभापासून सुमारे साठ सुईणी सरकारी खर्चाने काम करू लागल्या. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या आठवड्यांपर्यंत तीच ओळखीची सुईण, सर्व माहिती घेऊन मातेने केलेला निर्णय, आणि घर की रुग्णालय ही निवड मातेची, ही या सेवेची तीन तत्त्वे ठरली.

घरचे बाळंतपण धोक्याचे नाही काय, हा प्रश्न रास्त आहे. २००६ ते २००९ या काळात ऑन्टारिओत सुईणींच्या देखरेखीखाली घरी करावयाच्या ठरलेल्या अकरा हजारांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास झाला. कमी जोखमीच्या स्त्रियांत, रुग्णालयातील तशाच प्रसूतींच्या तुलनेत, अर्भकांना अधिक धोका आढळला नाही. परंतु हे श्रेय घराच्या चार भिंतींचे नव्हे. शिकलेली सुईण, जोखीम ओळखून केलेली निवड, वेळेवर येणारी रुग्णवाहिका आणि उघडे असलेले रुग्णालयाचे दार यांचे ते श्रेय आहे. यांपैकी काहीच नसताना नाइलाजाने घरी बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीला ‘निवडीचे स्वातंत्र्य’ आहे असे म्हणणे ही क्रूर थट्टा होईल.

या विजयाच्या उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. मूळ रहिवासी समाजांतील पारंपरिक सुईणींना कायद्याने सूट दिली आणि १९९६ मध्ये सिक्स नेशन्स येथे त्यांचे स्वतःचे प्रसूतिगृह उभे राहिले, ही जमेची बाजू. परंतु परदेशांत शिकलेल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई सुईणींना आरंभीच्या काळात या व्यवसायाचे दार सहज उघडले नाही. मान्यतेसाठी झगडणाऱ्यांनी मान्यता मिळताच मागच्यांसाठी कुंपण घालावे, हा अनुभव अन्य चळवळींनाही नवा नाही.

दुसरी उणीव वेतनाची. १९९३ मध्ये सुईणींचे वेतन परिचारिका आणि सामुदायिक केंद्रातील डॉक्टर यांच्या दरम्यान ठरविण्यात आले. पुढे अकरा वर्षे त्यात वाढच झाली नाही. स्त्रियांनी स्त्रियांसाठी केलेल्या श्रमाला कमी मोल देण्याची ही जुनीच रीत होय. सुईणींनी २०१३ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०१८ मध्ये लिंगभेद झाल्याचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. त्यापूर्वीच, २०२१ मध्ये, आर्थिक संकटात सापडलेल्या लॉरेन्शियन विद्यापीठाने आपला सुईणींचा अभ्यासक्रम बंद करून टाकला होता. इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांतून सुईणी तयार करणारी प्रांताच्या उत्तर भागातील ही सोय हिशेबाच्या एका निर्णयाने संपली. हक्काचा कायदा मात्र जसाच्या तसा होता.

ऑन्टारिओच्या अनुभवाचे सार यातच आहे. कायद्याचे कलम एकदा लिहिले की टिकते. अर्थसंकल्पातील तरतूद मात्र दरवर्षी नव्याने लढून मिळवावी लागते. धनिकाला हक्क पुरतो, कारण उरलेले तो विकत घेतो. कष्टकरी स्त्रीला हक्काबरोबर सुईणही हवी, तिचे वेतनही हवे आणि तिला घडविणारी शाळाही हवी. ज्या मागणीपत्रात या तिन्हींचा उल्लेख नाही, ते अपुरे आहे असे कार्यकर्त्यांनी समजावे.