मावा आणि दिवसाचं माप

रोजे ठेवणाऱ्याला दिवसाची लांबी शिकवावी लागत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे हा महिना मी डिसेंबरातही पाहिला आणि जूनमध्येही. आमच्या दिव्यात डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, जूनचा सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. हाच हिशेब ठेवणारा आणखी एक इवलासा जीव आहे. पिकावरचा मावा!

आगासनकडे भातकापणीनंतर ओलीवर वाल करणाऱ्या एक मावशी माझ्या ओळखीच्या. इमारतींच्या मध्ये उरलेला त्यांचा तो तुकडा. ‘आभाल आयलं का मावा आयलाच समजा, भाई,’ असं त्या म्हणायच्या. एका वर्षी कोवळे शेंडे काळे पडले. दुकानदाराने दिलेलं औषध त्यांनी मारलं. मावा मेला, पण त्याला खाणारे ढालकिडेही मेले. थोड्याच दिवसांत मावा परतला, ढालकिडे मात्र दिसेनात.

मावा इतक्या लवकर परततो कसा? जिनिव्हाच्या बॉनेने १७४० साली नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू एकटं वाढवून दाखवलं, की माव्याच्या मादीला नराची गरजच नसते. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते. थंड देशांत मात्र शरदात दिवस आखडले, की नर-मादी जन्मतात आणि अंडी घालतात. ती अंडी हिवाळा काढतात. टेनेसीतल्या मार्कोविच यांनी १९२३ साली दाखवलं, की प्रकाशाचे तास मुद्दाम कमी केले, तर हा बदल अवेळीही घडवता येतो.

आपल्याकडे दिवस तितका आखडत नाही, थंडीही जीवघेणी नसते. वालावरच्या काळ्या माव्याच्या माद्या पिल्लं देतच राहतात. म्हणून इथे सत्ता चालते ती तापमानाची. वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास पिल्लू साधारण आठवडाभरात आई होतं. पारा पस्तीसकडे गेला, की बहुतेक माव्यांची वाढ खुंटते. आभाळ आलं, की दिवसाचं ऊन उतरतं आणि रात्र फार गारठत नाही. मावशींच्या बोलण्यातलं मर्म हेच असावं.

मराठवाड्यातला जाणता शेतकरी करडईची पेरणी लांबवत नाही, तेही यासाठीच. उशिराचं कोवळं पीक ऐन थंडीत माव्याच्या तावडीत सापडतं.

पुढच्या हंगामात मावशींनी औषध बाजूला ठेवलं. रोज सकाळी फेरी, मावा दिसलेला शेंडा खुडून पुरून टाकायचा, ढालकिड्याला हात लावायचा नाही. थोड्या शेंगा गेल्या, पण पीक हाती आलं. त्या वर्षी त्यांनी मला ओंजळभर वाल दिले. म्हणाल्या, ‘भाई, औषधाचे पैसं वाचलं, त्याचंच हे.’