गवा दिसला तर सांगता, मग हे का नाही?

पोरापोरींनो,

आज मला तुमच्याशी एकट्यानं प्रवास करताना वाटणाऱ्या भीतीबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातली पुष्कळजणं रोज एसटीनं कॉलेजला येतात, कुणी उत्तूरकडून, कुणी गवशाकडून, कुणी पेरणोली-वाटंगीकडून. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर फाट्यापासून वाडीपर्यंतची वाट बऱ्याचदा एकट्यानंच तुडवावी लागते. त्या वाटेवर मीही चालले आहे.

आपल्या तालुक्यात रस्त्यात गवा आडवा आला की काय होतं? पोरगं धावत घरी येतं आणि दारातूनच ओरडतं. दहा मिनिटांत साऱ्या गावाच्या मोबाइलवर निरोप जातो. टस्कर हत्ती शिवारात उतरला तर वनखात्याला फोन होतो, गडीमाणसं बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच थांबवतात. "तू त्या वेळी तिकडं कशाला गेलतास?" असं त्या पोराला कुणी दरडावत नाही.

आता दुसरी गोष्ट. फाट्यावर पोरगी उतरली. मागून एक मोटारसायकल दिवा मालवून हळूहळू येत राहिली. ती थांबली की गाडी थांबते, ती चालली की गाडी चालते. ही पोरगी घरी पोचते, हातपाय धुते, जेवते आणि झोपते. कुणालाच काही सांगत नाही. सांगितलं तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाणार आणि उद्यापासून कॉलेज बंद होणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

ही मोटारसायकल माझ्या मागं होती. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते, सुट्टीला वस्तीच्या गाडीनं आले होते, पाऊस लागला होता. रस्त्याकडेच्या पहिल्या घराच्या पडवीत मी सरळ शिरले. घरातल्या आजींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, बॅटरी घेतली, डोक्यावर इरलं घेतलं आणि मला वाडीपर्यंत सोडलं. वाटेत एक शब्द विचारला नाही. घरी मात्र मी बोलले नाही. बोलले असते तर आज या व्यासपीठावर नसते, एवढं खात्रीनं सांगते. पुढं कोल्हापुरात नोकरी करताना रात्रपाळीला किती मुली हेच सांगायच्या! प्रत्येकीला वाटायचं, हे आपल्याच बाबतीत घडलं.

असलं सगळं उघडपणे सांगणारी एक बाई मात्र आपल्याकडं होऊन गेली. आनंदीबाई जोशी तुम्हाला पुस्तकातून माहीत आहेत. २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघण्याआधी त्यांनी इंग्रजीत भाषण केलं, तेव्हा त्यांना अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी सभेपुढं मांडले: एकटी का जातेस? संकट ओढवलं तर काय करशील? आणि मुंबईत हातात पुस्तकं घेऊन शाळेला जाताना लोक कसे खडे मारायचे, कसे थुंकायचे, हेही भर सभेत सांगितलं. मान खाली न घालता. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. सोबत मिशनरी बायका होत्या, आपलं माणूस एकही नव्हतं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांची नेमणूक कुठं झाली होती, ठाऊक आहे? आपल्या कोल्हापुरात! अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागावर. रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. सीपीआरच्या फाटकातून आत जाताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

सांगणाऱ्या मुलीलाच प्रश्न विचारायची सवय आजही गेलेली नाही. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकात काय झालं, ते तुम्ही ऐकलं आहे. फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुलीला एकानं ताई म्हणून हाक मारली, गाडी दुसरीकडं लागली आहे असं सांगून उभ्या असलेल्या शिवशाहीत नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. तिनं त्याच दिवशी तक्रार केली, म्हणून तो सापडला. तरीही ती ओरडली का नाही, असं विचारणारे निघालेच. मला त्या प्रश्नाची चीड येते. भीतीनं माणसाचा आवाज बसतो, पाय जागीच खिळतात. दवाखान्यात मी धडधाकट पुरुषांचंही असं झालेलं पाहिलं आहे.

आणि पोरांनो, तुम्हीसुद्धा. भरतीला, परीक्षेला एकटेच निघता. रेल्वेत कुणी गुंगीचं बिस्किट देऊन लुटलं, कुणी अंगचटीला आलं, तर "गडी असून घाबरला" म्हणतील म्हणून गिळून टाकता. असलं काही गिळू नका.

मग काय कराल? मदतीसाठी ११२ हा नंबर कुठूनही लागतो, रेल्वेत असाल तर १३९. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, समोरच्या पोलीस ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. गाडीत त्रास झाला तर थेट कंडक्टरला हाक मारा, मोठ्यानं.

पालकांनो, मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. गाड्या पोरींनी भरून जातात, ते बघून मला फार आनंद होतो. पण याच प्रवासात कुणी मागं लागल्याचं तुमच्या पोरीनं सांगितलं तर आधी तिला जेवू घाला, मग सगळं ऐका आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावर तिच्यासोबत जा. तिचं कॉलेज बंद करू नका. मागं येणारा तो माणूस आपल्याच गावातलाही असू शकतो. त्याच्या घरी जाऊन बोलायची हिंमत चार बापांनी मिळून करावी.

प्राचार्यसाहेब, एक विनंती. आज कार्यक्रम संपायला रात्र होईल. कोणत्या फाट्यावर किती मुली उतरणार, त्यांना घ्यायला कोण येणार, याची यादी बक्षीस समारंभाआधी इथं व्यासपीठावरून वाचावी. ज्यांना कुणी नाही, त्यांच्यातल्या चौघी माझ्या गाडीत बसतील. मी गवशाकडंच जाणार आहे.