जोडेघाटनंतर हललेलं मुख्यालय



नायजेरियात 1967 ते 1970 या काळात यादवी झाली. लाखो माणसं मेली, त्यातली बरीचशी उपासमारीनं. पुढे 1976 साली सरकारनं राजधानी लागोसहून हलवायचं ठरवलं. देशाच्या मध्यावर, तीन मोठ्या जमातींपैकी एकीचंही वर्चस्व नसलेल्या मुलखात अबुजा शहर उभं राहिलं आणि डिसेंबर 1991 मध्ये सरकार तिथं गेलं.

राजधानी हलण्याची अशीच एक गोष्ट आपल्याकडेही आहे. आपल्या आदिलाबाद जिल्ह्याची राजधानी, म्हणजे मुख्यालय, हलल्याला आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली. तेव्हा इथं यादवी नव्हती, पण रक्त सांडलं होतं. निजामाच्या राज्यात जंगल राखीव झालं, गोंड-कोलामांच्या जमिनी गेल्या, गुरं चारायलाही कर बसला. गोंड नेते कोमराम भीम यांनी जोडेघाटच्या परिसरातल्या बारा गावांना एकत्र करून जल, जंगल, जमीन यांवर हक्क सांगितला. 1940 साली पोलिसांनी त्यांना जोडेघाटलाच गोळ्या घालून मारलं.

त्या वेळी जिल्ह्याचं मुख्यालय आसिफाबादला होतं. जोडेघाटपासून ते काही फार लांब नाही. साहेब जवळ होता, कचेरी जवळ होती, तरी डोंगरावरच्या माणसाचं गाऱ्हाणं तिथं पोहोचलं नाही. 1941 साली मुख्यालय आदिलाबादला आलं. या दोन घटनांचा थेट संबंध मी जोडत नाही. पण जोडेघाटच्या माणसाला कलेक्टर आता आणखी लांब गेला, एवढं नकाशा पाहिला तरी कळतं.

खरा बदल वेगळ्याच वाटेनं आला. कोमराम भीम यांच्या उठावानंतर निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. ते मार्लवाई गावात गोंडांमध्येच राहिले. त्याच मुलखात केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातली माणसं कलमडुगूहून गोदावरीचं पाणी झारीत भरून अनवाणी चालत आणतात, त्या पाण्यानं पूजा होते, नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. एवढा समाज आपसूक जमतो, तर कचेरीनंच तिथं जावं, असा विचार झाला आणि त्याच दशकात जत्रेत दरबार भरू लागला. अधिकारी समोर बसले आणि लोकांनी तोंडानं गाऱ्हाणी सांगितली. पुढे मार्लवाईला शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. गोंडीची पुस्तकं देवनागरीत छापली गेली, कारण इथल्या शिकलेल्या गोंडांना मराठी वाचता येत होती. आपल्या भाषेच्या लिपीचा असा उपयोग झाला, याचं मला फार समाधान वाटतं. हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

पण एकदा दिलेला पट्टा जपावा लागतो. बाहेरून आलेल्यांच्या हाती जमिनी पुन्हा जाऊ लागल्या. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीला सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसार 13 माणसं गेली. इंद्रवेल्ली आणि केसलापूर शेजारशेजारची गावं आहेत. ज्या भागात सरकार ऐकायला आलं होतं, तिथंच चाळीस वर्षांच्या आत त्यानं बंदूक चालवली, हे मला आजही सलतं.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले. 2016 साली उरलेल्या जिल्ह्याचे चार झाले आणि आसिफाबाद पुन्हा मुख्यालय बनलं, तेही कोमराम भीम यांच्या नावाच्या जिल्ह्याचं. गावकऱ्याचं अंतर कमी झालं, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण जवळची कचेरी 1940 सालीही होती. म्हणून अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. केसलापूरच्या दरबारात शेवटचा अर्जदार बोलून होईपर्यंत उठू नका. गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू, ज्या भाषेत माणूस बोलेल त्या भाषेत ऐकून घ्या, आणि अर्जाची पोच त्याच्या हातात द्या. आणि श्रोतेहो, तुमचा अर्ज असेल, तर पोच घेतल्याशिवाय तुम्हीही उठू नका.