योगाचे ताट आणि कडब्याची गंजी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



योगाचा विषय शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे कुणी विचारील. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली २१ जून हा योगदिन ठरवला. त्या दिवशी शहरात सतरंज्या पसरतात, आणि आपण पेरणीच्या घाईत असतो. पण योगाबरोबर आहाराचा उपदेशही येतो : शाकाहार करा, सात्त्विक खा, भरड धान्य खा. हे धान्य पिकवणारे आपण. मग या उपदेशाचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

आधी ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा हा पहिला यम आहे. शाकाहाराचा धागा तिथून निघतो. पण काय खावे याची यादी पतंजलीने दिलेली नाही. ती पुढे हठयोगाच्या ग्रंथांत आली. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत गहू, साळीचा भात, जव, मूग, पालेभाज्या, दूध, तूप हे योग्याचे अन्न सांगितले आहे. मांस आणि दारू वर्ज्य. पोटाचा चौथा हिस्सा मोकळा ठेवावा, असेही म्हटले आहे.

या यादीत ज्वारी नाही. म्हणून ज्वारी हलकी ठरत नाही. साधे, ताजे, पचेल असे आणि बेताने खावे, हे त्यातले सार. भाकरी त्यात सहज बसते.

आणखी एक गोष्ट उपदेशक क्वचितच सांगतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले आहे, तसे मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही असे म्हटले आहे. पोट थोडे मोकळे ठेवा हा उपदेश भरल्या ताटाला आहे, रिकाम्या ताटाला नाही!

आता आपले ताट पाहू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. पण त्यात लायसिन नावाचा घटक कमी पडतो. तो तुरीत, मुगात भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर वरण हवे. नुसती भाकरी आणि ठेचा म्हणजे शाकाहार झाला, पण आहार झाला नाही. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर ते वाया जाते. आणि ब-१२ हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत मिळत नाही. ते दूध, दही, ताक, नाहीतर अंडी-मांस यांतून येते. योग्याच्या ताटात दूध होते, हे विसरून चालणार नाही.

इथेच आपल्या रानाचा प्रश्न येतो. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. कडबा होता तेव्हा दावणीला गाय, म्हैस होती. घरात ताक होते, रानाला शेणखत होते. कपाशीत तुरीचे तास होते, मूग-उडीद होता. पुढे सोयाबीन आले, कपाशी बांधापर्यंत गेली आणि महाराष्ट्रातले ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. कडब्याची गंजी गेली तशी दावण रिकामी झाली. एका पिकाबरोबर ताटातल्या तीन गोष्टी गेल्या : भाकरी, वरण आणि ताक.

हे शेतकऱ्याने हौसेने केले काय? नाही. एकट्याने ज्वारी पेरली तर सारी पाखरे त्याच रानात उतरतात. रानडुकरे आहेत, कापणीला माणूस मिळत नाही, पावसात कणीस काळे पडते. आणि भाव? २०२५-२६ च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये जाहीर झाला, मालदांडीचा ३७४९. जाहीर झाला म्हणजे हातात पडला असे नव्हे. २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. गौरव धान्याचा झाला, पिकवणाऱ्याचा हिशेब तिथेच राहिला.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. एक : घरापुरती ज्वारी, तूर, मूग पेरावे, आणि शेजारच्या चार-पाच जणांनी लागून पेरावे, म्हणजे पाखरांचे नुकसान वाटले जाईल. दोन : २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही लिहिलेले आहे. जिल्ह्यातली ज्वारी हमीभावाने घ्या आणि त्याच जिल्ह्याच्या रेशनवर द्या, ही मागणी आपण लावून धरू. तीन : शेतातले कष्ट म्हणजेच योग, या भ्रमात राहू नये. कापूस वेचताना बाईची पाठ दिवसभर पुढे वाकलेली असते. तिला उलट बाजूचा ताण हवा आणि विसावाही हवा. पोट रिकामे असताना भुजंगासन आणि शेवटी शवासन, एवढे दहा मिनिटांत होते. पाठीचे दुखणे असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरला विचारावे. आणि ही दहा मिनिटे तिला मिळावीत म्हणून घरातल्या पुरुषाने चूल पेटवावी.

यात कुणाच्या ताटाला नावे ठेवायची नाहीत. जो अंडी-मांस खातो तोही आपलाच भाऊ आहे. शाकाहार ज्याने त्याने ठरवावा; पण तो पसंतीने व्हावा, डाळ परवडत नाही म्हणून नव्हे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक मोजणी आणावी : किती घरांत यंदा कडब्याची गंजी लागली, आणि किती घरे डाळ विकत आणतात. त्या आकड्यांवर आपण मागणीचे निवेदन लिहू.