नाव राखायचे, गोष्ट दाबायची नाही

(महिला शिबिरात संघटनेच्या कार्यकर्त्या बायांनी केलेले भाषण. ज्यांना वाचता येते त्यांनी पाड्यात वाचून दाखवावे.)



दरवेळी आपण जमतो ते प्लॉटसाठी, पंचनाम्यासाठी, दंडाच्या पावतीसाठी. आज वेगळी गोष्ट काढली आहे. पण ती जमिनीपासून लांबची नाही.

आपल्या बाया रोजगार हमीवर जातात, नर्सरीत जातात, कूपात जातात, वीटभट्टीवर जातात. तिथे मस्टर मुकादमाच्या हातात, मापही त्याच्याच हातात. "जरा इकडे ये, तुझे माप भरून देतो," असे तो म्हणतो. बाईने ऐकले नाही तर दुसऱ्या दिवशी तिचे नाव मस्टरवर नसते. जातीवरून हिणवणे तर रोजचेच. गार्डाचे आणखी सोपे. तो म्हणतो, "बोललीस तर प्लॉटात नांगर घालू देणार नाही." मग बाई गप्प बसते. तिला भीती नुसती अब्रूची नसते, घरातल्या सगळ्यांच्या पोटाची असते.

आता आमची चूक सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी नर्सरीतल्या एका बाईने आमच्यापाशी येऊन सगळे सांगितले. आम्हाला राग आला. पुढच्याच सभेत आम्ही उभे राहून बोललो. नाव घेतले नाही, पण पाडा सांगितला, नर्सरी सांगितली. त्या पाड्यातून त्या नर्सरीत तीनच बाया जात होत्या. सांज व्हायच्या आत सगळ्यांना कळले. नवऱ्याने तिला मारले. पंचांनी दंड मागितला, तोही तिच्याकडे. मुकादम दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर आला, ती मात्र आली नाही. ती आम्हाला एवढेच म्हणाली, "मी तुम्हाला सांगितले होते, गावाला नाही."

हे आम्ही विसरलो नाही. म्हणून आज बोलतो आहोत.

कायदा काय म्हणतो ते ऐका. राजस्थानात भटेरी गावची भंवरीदेवी सरकारच्या महिला कार्यक्रमात साथिन म्हणून काम करायची. बालविवाह थांबवायला गेली म्हणून 1992 साली तिच्यावर बलात्कार झाला. 1995 साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. पण तिच्यावर जे झाले ते काम करताना झाले, म्हणून महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 ला निकाल लागला. नको असताना अंगाला हात लावणे, तसली मागणी करणे, घाण बोलणे, घाण चित्रे दाखवणे, हे सगळे कामावरचा लैंगिक छळ आहे. मालक सरकारी असो की खाजगी, त्याने तक्रार समिती नेमायची, असे त्या निकालाने सांगितले. समितीची प्रमुख बाई, निम्म्या तरी बाया आणि बाहेरच्या संस्थेचे एक माणूस. तक्रार गुप्त ठेवायची. तक्रार करणारीला आणि साक्षीदाराला त्रास होता कामा नये.

1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आपल्यासाठी आहे. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने आपल्या अधिकाराच्या जोरावर आदिवासी बाईचा असा गैरफायदा घेतला तर तो गुन्हा आहे. बलात्कार झालेल्या बाईचे नाव छापणे हा तर 1983 पासून गुन्हा आहे.

पण आपली कचेरी म्हणजे जंगल. कूपात समिती कुठून येणार? तालुक्याला मोर्चा नेऊन आपण समिती मागूच. तोवर आपली वाट आपणच पाडायची. ठरले ते असे:

1) प्रत्येक विभागात दोन बाया ऐकून घेतील. त्या तक्रार करणारीच्या पाड्यातल्या नसाव्यात. बाजाराच्या दिवशी त्यांना गाठता येईल.

2) बाई आपल्या बोलीत सांगेल. तारीख, जागा, कोणते काम, जवळ कोण होते, हे लिहून घ्यायचे. तिला वाचून दाखवायचे, मग अंगठा घ्यायचा. हा कागद इतर कागदांत ठेवायचा नाही.

3) पुढचे प्रत्येक पाऊल तिला विचारून टाकायचे. ती थांब म्हणाली तर थांबायचे, कागद मात्र जपायचा. पुढे दुसरी बाई त्याच माणसाबद्दल सांगायला आली तर पहिलीला पुन्हा विचारता येते.

4) सभेत नाव नाही, पाडा नाही, कामाची जागा नाही.

5) माणूस संघटनेचा असला तरी हेच. त्याच्या गटाने चौकशी करायची नाही, बाहेरून बाई बोलवायची.

एक गोष्ट आधीच खरी सांगून ठेवतो. चौकशी लागली की ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप सांगावा लागतो, मग बाई कोण ते त्याला कळतेच. "कोणालाच कळणार नाही," असे खोटे वचन बाईला देऊ नका. किती जणांना कळेल ते मोजून सांगा. त्या दिवसापासून तिला एकटीला कामावर पाठवू नका, चार जणी बरोबर जा. गार्ड प्लॉटवर आला तर सगळा पाडा प्लॉटवर उभा राहील. जमिनीसाठी उभे राहतो तसेच.

भावांनो, तुम्हालाही सांगणे आहे. "कोण ती?" असे विचारू नका. "तो काय करत होता?" असे विचारा. आणि पंचांनी बाईकडे दंड मागायचा नाही.

काही जण म्हणतील, गुप्त ठेवायचे म्हणजे दाबायचेच झाले. तसे नाही. दाबले की मुकादम वाचतो. नाव राखले की बाई वाचते, आणि मुकादमाला जाब द्यावा लागतो.

ती नर्सरीतली बाई अजून आमच्याशी बोलत नाही. तिने बोलावे असे आम्ही म्हणणार नाही. पण पुढची जी कोणी येईल तिच्यापुढे आम्हाला मान खाली घालायला लागू नये, एवढे आपण सगळ्यांनी मिळून करायचे.

संघटना जिंदाबाद!