त्याच्या घरी कुणीच गेले नाही

(कांदिवली येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या भाषणाचा विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एका ज्येष्ठांचा मला दूरध्वनी आला. म्हणाले, "मेळाव्याला महिला आणि मुले येणार आहेत, तेव्हा जरा जपून बोला." मी त्यांना होकार दिला. परंतु नंतर मनात आले की, आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ती माणसे आभाळातून पडलेली नाहीत. तीसुद्धा कुणाची तरी मुलेच आहेत, आणि त्यांच्या आया आपल्यासारख्याच एखाद्या सभागृहात बसलेल्या असू शकतात. म्हणून जपून बोलायचे असेल तर ते त्या आयांना जपून बोलले पाहिजे.

द्रुतगती महामार्गावरून आकुर्ली रस्त्याकडे वळताना सिग्नलला गाडी थांबते. टाळी वाजते आणि आपण काच वर करतो. पैसे दिलेच तर ते शाप नको म्हणून देतो. मूल जन्मल्यावर किंवा लग्नकार्यात त्यांना आनंदाने दिले जाते असे आपण म्हणतो, परंतु त्यातही धाकच अधिक असतो. धाकापोटी दिलेल्या दहा रुपयांना दान म्हणण्याची सवय आपल्याला जडली आहे. टाळी वाजवणाऱ्या त्या व्यक्तीने एखाद्या दुकानात विक्रेत्याचे काम मागितले, चाळीत भाड्याने खोली मागितली, तर आपण काय उत्तर देऊ? याचे उत्तर प्रत्येकाने मनातल्या मनात देऊन पाहावे.

प्रथम दोन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपण त्यांची सर्रास गल्लत करतो. जन्माच्या वेळी जे लिंग नोंदले गेले ते ज्यांच्या अंतर्मनाला आपले वाटत नाही, त्यांना आपण तृतीयपंथी म्हणतो. समलिंगी व्यक्तीचे तसे नसते. तो पुरुष स्वतःला पुरुषच मानतो, ती स्त्री स्वतःला स्त्रीच मानते, केवळ त्यांची ओढ आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असते. ते आपल्यासारखेच दिसतात, आपल्यासारखेच सकाळची लोकल पकडतात आणि बहुतेकदा आपल्या कार्यालयात आपल्या शेजारी बसलेले असतात. २०११ च्या जनगणनेत देशात ४ लाख ८७ हजार ८०३ व्यक्तींची नोंद पुरुष किंवा स्त्री अशी न होता 'इतर' अशी झाली. त्यांत महाराष्ट्रातील ४० हजार ८९१ होत्या. समलिंगी व्यक्तींची तर मोजणीच नाही.

आता मी माझी एक गोष्ट सांगतो. १९८४ च्या सुमाराची असेल. त्या वेळी मी डहाणूकरवाडीच्या बाजूला एका सायंशाखेत जात असे. आमच्यात एक मुलगा होता. घोषात वंशी वाजवायचा, आणि त्याच्यासारखी वंशी वाजवणारा त्या वेळी आमच्या परिसरात दुसरा नव्हता. चालणे, हात हलवणे जरा मुलींसारखे. खेळताना मुले त्याला 'बायल्या' म्हणत. मी म्हणत नसे, पण हसत असे, आणि एका दिवशी मीही म्हणालो. त्यानंतर तो शाखेत आला नाही.

आपल्या पद्धतीत एक साधा नियम आहे. स्वयंसेवक तीन-चार दिवस दिसला नाही की कुणीतरी त्याच्या घरी जातो. आजारी आहे का, परीक्षा आहे का, घरी काही अडचण आहे का, याची विचारपूस करतो. परगावच्या मुलांच्या घरी आम्ही सायकली हाणत गेलो आहोत. याच्या घरी कुणीच गेले नाही. दोन गल्ल्यांच्या पलीकडे घर होते. कुणी कुणाला काही सांगितले नव्हते, तरी जायचे नाही हे सर्वांना ठाऊक होते.

बंधूंनो, पुढे मी पत्रकारितेत आलो. तेथेही माझा पूर्वग्रह माझ्याबरोबर आला. तृतीयपंथीयांच्या एका मोर्च्याची बातमी मी तीन दशकांपूर्वी लिहिली होती. त्यात त्यांची मागणी एका ओळीत आणि त्यांच्या साड्यांचे वर्णन तीन परिच्छेदांत होते. वाचकांना ती फार आवडली! आपली भाषाही पाहा. अधिकाऱ्याने काम केले नाही की मोर्चेकरी त्याला बांगड्यांचा आहेर देतात. विरोधकाला भेकड ठरवायचे असेल तर राजकारणी 'शिखंडी' म्हणतात. महाभारतातील शिखंडी पांडवांच्या बाजूने रणांगणावर उभा राहून लढला, हे त्या वक्त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मीही तो घेत असे. परंतु अभ्यास करू लागल्यावर दिसले की पश्चिमेकडून आपल्याकडे जे आले ते प्रामुख्याने शिक्षेचे कलम होते. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये ती संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यातील कलम ३७७ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. आपल्या परंपरेत सगळे गोडच होते असा दावा मी करणार नाही, तो खोटा ठरेल. मनुस्मृतीने पुरुषा-पुरुषांतील संबंध दोषच मानला आहे, परंतु त्याचे प्रायश्चित्त सवस्त्र स्नान हे आहे. स्नान कुठे आणि जन्मठेप कुठे! अमरकोशात 'तृतीया प्रकृती' हा शब्द आहे. 'प्रकृती' असे म्हटले आहे, 'विकृती' असे नव्हे. विराटाने बृहन्नडेला हाकलून दिले नाही, आपल्या कन्येला नृत्य शिकवायला ठेवले. आणि येथून फार लांब नसलेल्या घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वराची मूर्ती आहे. आपण तिच्यासमोर हात जोडतो आणि परतताना लोकलमध्ये टाळी ऐकली की तोंड फिरवतो.

याहून एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. आपल्यापैकी अनेकजण यमगरवाडीला जाऊन आले असतील. पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी तेथे उभे राहिलेले काम पाहून आपला ऊर भरून येतो. त्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ चा, हे आपण प्रत्येक बौद्धिकात ऐकले आहे. परंतु त्याच कायद्याचा दुसरा भाग कुणाविषयी होता, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत माहीत नव्हते. तो तृतीयपंथीयांविषयी होता. उत्तर हिंदुस्थानात पोलिसांनी त्यांच्या नोंदवह्या करायच्या. नोंद झालेल्याने स्त्रीवेश करून रस्त्यावर दिसायचे नाही, सार्वजनिक ठिकाणी नाचायचे-गायचे नाही, अन्यथा दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला मूल दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, कुणा अज्ञानाचे पालक होता येणार नाही. म्हणजे पारधी आणि किन्नर यांना इंग्रजांनी एकाच कायद्याने बांधले होते. त्यांतल्या एकाला आपण आपला बंधू म्हणून जवळ घेतले. दुसऱ्यासाठी आपण अजून काच वर करतो आहोत.

मराठी माणसाने हा विषय पूर्वी कधी उघडलाच नाही असेही नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत. वाचकांच्या प्रश्नांना त्यात शास्त्रीय उत्तरे असत, आणि त्यांत समलिंगी संबंधांचे प्रश्नही होते. त्यावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला. पुढे १९८१ मध्ये तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले. तेंडुलकरांशी आपले किती जमते हा भाग वेगळा, पण मित्रा नावाच्या त्या मुलीची घुसमट त्यांनी आपल्या प्रेक्षकांसमोर मांडली, हे मान्य केले पाहिजे. २००९ च्या 'जोगवा' चित्रपटाने देवीच्या नावाने सोडलेल्या जोगत्याचे दुःख घरोघर नेले.

आता आपल्या घरातील मताविषयी. मार्च २०१६ मध्ये तत्कालीन सहसरकार्यवाह दत्तात्रेयजी होसबाळे यांनी समलैंगिकता हा गुन्हा मानू नये असे म्हटले. लगेच स्पष्टीकरण देताना त्यांनी ती सामाजिकदृष्ट्या अनैतिक आहे, शिक्षेऐवजी मानसशास्त्रीय दृष्टीने तिच्याकडे पाहावे असेही सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्पर संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले, तेव्हाही संघाने गुन्हा नसल्याचे मत मांडले, मात्र असे विवाह नैसर्गिक नाहीत असे सांगितले. आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशित मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी सांगितले की, मानव आहे तेव्हापासून अशी माणसे आहेत, हे जैविक आहे, आणि आपणही समाजाचाच भाग आहोत असे त्यांना वाटले पाहिजे. आपण पशुवैद्य असल्याने प्राण्यांतही हे असते हे ठाऊक आहे, असेही ते म्हणाले. जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांची कथा त्यांनी त्या वेळी सांगितली. सात वर्षांत ही भाषा कुठून कुठे आली ते पाहा. मग आपल्या शाखेतील, आपल्या सोसायटीतील भाषा १९८४ मध्येच का थांबावी?

विवाहाविषयी माझे मत संघाच्या मताशी जुळते. विवाह हा संस्कार आहे, स्त्री-पुरुषांचा आहे, असे मी मानतो. न्यायालयानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. येथे बसलेल्या काही तरुणांना माझे मत पटणार नाही, त्यांच्याशी चर्चा करायला मी तयार आहे. परंतु विवाहाचा वाद पुढे करून घराचे दार बंद करणे ही चलाखी आहे. मुलगा लग्नाची परवानगी मागत नसतो. तो जेवायला यायचे का, एवढेच विचारत असतो.

उपचारांविषयीही सांगतो, कारण अनेक पालक पहिली धाव तिकडेच घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असे जाहीर केले. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे 'उपचार' करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले. म्हणून कुणी औषध, विजेचे झटके किंवा अंगारा देऊन मुलगा 'बरा' करतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. त्याहून वाईट म्हणजे 'लग्न केले की सगळे ठीक होते' हा सल्ला. त्यात एका परक्या मुलीचे आयुष्य जाते. तिच्या वडिलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा.

सगळे चित्र काळे नाही. आपल्या शेजारी, मालाडच्या मालवणीत, गौरी सावंत यांनी 'सखी चार चौघी'चे काम उभे केले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार दिला, त्या खटल्यात त्याही होत्या, आणि २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना महाराष्ट्रात सदिच्छादूत केले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये किन्नर आखाडा स्थापन झाला, २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात त्याची मिरवणूक निघाली आणि २०१९ मध्ये प्रयागला जुना आखाड्याबरोबर त्यांनी स्नान केले. साधू-संतांनी जागा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर राज्य शासनाने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना ठेवला. न्यायालयात जाण्याची वेळ का यावी, हा प्रश्न आहेच.

१९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेविषयी जे सांगितले ते आपल्याला पाठ आहे. ती वाईट नसेल तर जगात काहीच वाईट नाही, असा त्यांचा आशय होता. दोन्ही प्रश्न एकच आहेत असे मी म्हणत नाही. अस्पृश्यतेची वेदना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण एक फरक लक्षात घ्या. अस्पृश्य ठरवलेल्या मुलाला घरी गेल्यावर आईची कूस होती. याला घरातूनच बाहेर काढले जाते.

तो वंशी वाजवणारा मुलगा मला २०१९ मध्ये बोरिवली स्थानकावर भेटला. त्यानेच ओळखले. गुजरातमध्ये एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आपल्या जोडीदाराबरोबर राहत होता. वडील वारले तेव्हा भावाने कळवले होते, पण 'लोक येतील, तू नंतर ये' असेही कळवले होते. तो तेराव्यानंतर आला. आम्ही फलाटावर चहा घेतला. मी त्या दिवशीचा शब्द काढला आणि क्षमा मागितली. त्याला तो शब्द आठवतही नव्हता, म्हणाला, "तसे सगळेच म्हणायचे." त्याला आठवत होते ते दुसरेच. शाखा सोडल्यावर आठवडाभर संध्याकाळी तो खिडकीत बसत असे. कुणीतरी विचारायला येईल असे त्याला वाटत होते.

त्याची आई येथेच कांदिवलीत राहते, ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या दिवाळीत तो भाऊबिजेला आला तेव्हा मी पत्नीसह त्यांच्याकडे गेलो होतो. वंशी अजून त्या घरातच होती, कपाटावर, कापडात गुंडाळलेली. आईने ती काढून दाखवली.